निर्वासित उद्योजकांना कर्ज देताना: नवीन क्षेत्र अधिकाऱ्यांसाठी

निर्वासितांच्या वस्तीत नेमणूक झाली की नवा माणूस हमखास विचारतो, "कर्ज घेऊन हे लोक निघून गेले तर?" युगांडात काम करताना ही भीती मला वाजवीपेक्षा जास्त वाटली. नाकिवाले वसाहत 1950 च्या दशकाअखेरपासून आहे. अनेक कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहतात. बदली होते ती आपली. शिवाय 2006 च्या निर्वासित कायद्याने त्यांना काम-धंदा करण्याची मुभा आहे.

पहिल्या भेटीत एक गोष्ट साफ सांगा: ही मदत नाही, कर्ज आहे. मदत संस्थांची माणसं रोज येत असल्याने तुमच्याकडेही त्याच नजरेने पाहिलं जातं. हा घोळ राहिला की पुढे वसुलीत भांडणं होतात.

कागदपत्रांत युगांडाच्या पंतप्रधान कार्यालयाचं निर्वासित ओळखपत्र बघा. मोबाइल मनीचं (फोनवरून पैसे घेण्या-देण्याचं) खातं आणि ओळखपत्र यांवरच्या नावांचं स्पेलिंग जुळतं का, तेही तपासा. कर्ज मंजूर होऊन पैसे अडकले की विश्वास पहिल्याच फटक्यात जातो.

खरा वेळ द्यायचा तो उधारीच्या वहीला. एका कापडवालीच्या वहीत मला दिसलं की वसुली महिन्यातल्या मोजक्याच दिवसांत एकवटलेली होती. गिऱ्हाइकांना रोख मदत मिळायची ते ते दिवस. तिचा हप्ता मात्र भलत्याच तारखेला लावलेला! तारीख पुढे ढकलली आणि थकबाकीचा प्रश्न मिटला. 2023 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने युगांडातल्या निर्वासितांची मदत कमी केली, तेव्हा अशा दुकानांची उधारी अडकली. ग्राहक "धंदा मंदा आहे" म्हणाला तर बहाणा समजण्याआधी वही मागा.

कुठून, कसे पळून आलात, हे विचारू नका. पूर्वी कोणता धंदा करत होता, हे विचारा. दुभाषा त्याच बाजारातला दुकानदार नको, नाहीतर आकडे खरे मिळणार नाहीत. गटाने मिळून कर्ज घेत असतील, तर गटात कोणाला घ्यायचं ते सभासदांनाच ठरवू द्या. वसाहतीतल्या समाजांचे जुने तंटे आपल्याला कळत नाहीत.

तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी नाव लागलंय का, हे मात्र उघडपणे विचारा आणि मुदत त्याप्रमाणे कमी ठेवा. खरं सांगितल्याबद्दल अर्ज फेटाळला, तर पुढचा कोणी सांगणार नाही.

आणि शेवटचा हप्ता भरला की नव्या कर्जाचं उत्तर लगेच कळवा, नकार असला तरी.