एच-१बी व्हिसावर असताना विवाहाच्या आधारे ग्रीन कार्ड
अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करत असताना अमेरिकी नागरिकाशी विवाह झाल्यास जोडीदाराची आय-१३० याचिका (पती-पत्नीचे नाते मान्य करून घेण्यासाठीची) आणि स्वतःचा आय-४८५ अर्ज (ग्रीन कार्डसाठीचा) एकाच वेळी दाखल करता येतो, कारण नागरिकाच्या पती-पत्नीला वार्षिक कोट्याची रांग लागू होत नाही. सोबत वर्क परमिटचा अर्जही बहुतेक जण करतात. मात्र परमिट हाती आले म्हणून लगेच त्याच्या आधारे दुसरीकडे नोकरी धरणे शहाणपणाचे वाटत नाही. एच-१बीवर त्याच कंपनीत काम सुरू ठेवले, तर आय-४८५ नामंजूर झाला तरी मुदत संपेपर्यंत कायदेशीर वास्तव्याचा आधार शिल्लक राहतो. शिवाय वैध एच-१बी व्हिसावर परदेशी जाऊन त्याच नोकरीवर परतल्यास प्रलंबित अर्ज सोडून दिला असे मानले जात नाही (ही सवलत मोजक्याच व्हिसांना आहे). संयुक्त बँक खाते, भाडेकरार, विम्यातील नामनिर्देशन असे विवाह खरा असल्याचे पुरावे पहिल्या दिवसापासून जपावेत. नुसत्या लग्नाच्या फोटोंवर भागत नाही. मंजुरीच्या दिवशी विवाहाला २ वर्षे झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड सशर्त आणि २ वर्षांचेच मिळते, व ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत साधारणपणे दोघांनी मिळून अट काढून टाकण्यासाठीचा आय-७५१ अर्ज दाखल करावा लागतो.