अरुशाला सल्ला मागण्याआधी हा कागद शोधा
संस्थेच्या वतीने टांझानियातल्या अरुशा इथल्या आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाचं सल्लामत (कायद्याच्या प्रश्नावर न्यायालय देतं ते मत) हवंय? मसुद्याला हात लावण्याआधी मी फायलीत एकच कागद शोधते: आफ्रिकी संघाच्या मान्यतेचा. सदस्य देश, खुद्द संघ आणि त्याची अंगं थेट विचारू शकतात. आफ्रिकी संघटनेला मात्र ही मान्यता लागतेच. गांबियातल्या बंजुल इथल्या आफ्रिकी मानवाधिकार आयोगाकडचा निरीक्षक दर्जा पुरत नाही. नायजेरियाच्या ‘सेराप’ या स्वयंसेवी संस्थेने दारिद्र्याबद्दल विचारलेला कळीचा प्रश्न २०१७ मध्ये याच कारणाने अनुत्तरित राहिला; आजही ते वाचताना जीव हळहळतो. पॅन आफ्रिकन लॉयर्स युनियन या वकिलांच्या संघटनेचा आफ्रिकी संघाशी सामंजस्य करार होता, म्हणून २०२० मध्ये भटकेपणाला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांवर मत मिळालं. कागद सापडला की प्रश्न नेमका लिहा, आफ्रिकी मानवाधिकार सनदेतली कलमं दाखवा आणि तोच विषय आयोगापुढे चालू नाही ना, हे तपासा.