जुळ्यांची बाबागाडी घेताना या चुका टाळा

जुळी बाळे होणार हे सोनोग्राफीत कळले की घरात खरेदीच्या याद्या सुरू होतात आणि त्यांत जुळ्यांची बाबागाडी ही बऱ्यापैकी महाग वस्तू असते. तरीही ती बहुतेक वेळा छायाचित्रे पाहून आणि रंग पसंत करून मागवली जाते. अशी गाडी पुढे कोपऱ्यात पडून राहिली, तर त्याचे कारण बहुधा एकच असते: ती बाळांकडे पाहून घेतलेली असते, पण ज्या दारांतून, लिफ्टमधून आणि पदपथांवरून ती रोज जाणार, त्यांचे माप कोणी घेतलेले नसते.

लिफ्ट न मोजता प्रकार ठरवणे

जुळ्यांच्या गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात दोन्ही आसने शेजारी-शेजारी असतात आणि गाडीची रुंदी साधारण 72 ते 80 सेंमी भरते. दुसऱ्या प्रकारात आसने एकामागे एक असतात, रुंदी 60 ते 65 सेंमीवर येते, पण लांबी बहुतेक वेळा एक मीटरच्या पुढे जाते. फ्लॅटचे मुख्य दार साधारण एक मीटर रुंद असल्यामुळे तेथे सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती लिफ्टपाशी. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या अनेक इमारतींत ‘सहा माणसे, 408 किलो’ अशी पाटी असलेली लिफ्ट असते. तिचे दार साधारण 70 सेंमी रुंद आणि आतली खोली एक मीटरच्या आसपास असते. म्हणजे शेजारी-शेजारी आसनांची गाडी दारातच अडते आणि एकामागे एक आसनांची गाडी आत शिरली तरी मागे दार लागत नाही. आठ माणसांच्या लिफ्टचे दार साधारण 80 सेंमी असते, तेथे पहिल्या प्रकारातील अरुंद गाडी जेमतेम जाते. जुन्या इमारतींतील जाळीच्या दाराची लिफ्ट असेल, तर दार पूर्ण सरकवूनही किती जागा मोकळी राहते, तेच माप धरावे. गाडीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेली आहे ना, हेही विक्रेत्याला विचारावे, कारण काही ठिकाणी केवळ आसनांची रुंदी सांगितली जाते.

लिफ्ट लहानच असेल, तर एकाच जातीच्या दोन साध्या गाड्या घेऊन त्या जोडपट्ट्यांनी एकत्र करण्याचा पर्याय माझ्या मते अधिक शहाणपणाचा आहे. घरात दोन मोठी माणसे असतील तेव्हा त्या सुट्याही वापरता येतात. मात्र जोडपट्ट्या त्याच गाडीसाठी बनवलेल्या असाव्यात आणि दोन्ही गाड्यांचे ब्रेक वेगवेगळे लावावे लागतात, हे विसरू नये.

येथे आणखी एक गोष्ट सुटते. बाळंतपण माहेरी होणार असेल, तर पहिले काही महिने गाडी माहेरच्या जिन्यावरून आणि गल्लीतून फिरणार असते, सासरच्या नव्या सोसायटीतून नव्हे. मोजमाप दोन्ही घरी घ्यावे, किंवा खरेदी आपल्या घरी परतेपर्यंत पुढे ढकलावी.

‘जन्मापासून योग्य’ या शब्दांवर विसंबणे

ही चूक सर्वांत गंभीर आहे. नवजात बाळाला मान सावरता येत नाही. त्याला जवळजवळ सपाट झोपवावे लागते. ईएन 1888 या युरोपीय मानकानुसार सहा महिन्यांखालील बाळासाठीच्या आसनात बैठक आणि पाठ यांमधील कोन किमान 150 अंश असावा लागतो. एकामागे एक आसनांच्या कित्येक गाड्या मुळात थोरले आणि धाकटे भावंड डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. त्यांतले एकच आसन सपाट होते आणि वेष्टनावरचे ‘जन्मापासून’ हे शब्द त्या एकाच आसनाला लागू असतात. जुळ्यांना दोन्ही आसने सपाट होणारी हवीत. शिवाय निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात, त्यामुळे सहा महिन्यांचा हिशेब जन्मतारखेपासून धरावा की अपेक्षित तारखेपासून, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावे.

गाडी कोण उचलणार, याचा विचार न करणे

दुहेरी गाडीचे वजन बहुधा 10 ते 16 किलो असते. जुळ्यांच्या जन्मात सिझेरियनचे प्रमाण मोठे असते आणि त्यानंतर सुमारे सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असे सांगितले जाते. म्हणून दुकानात गाडी मिटण्याचा आणि उचलण्याचा प्रयोग, जी व्यक्ती ती रोज उचलणार आहे तिनेच करावा; मग ती आजी असो वा मदतनीस बाई. मोटारीच्या डिकीचे मापही तेथेच आठवावे. पुण्या-मुंबईत सीएनजीच्या अनेक लहान गाड्यांत सिलिंडरने डिकीची बरीच जागा अडवलेली असते, तेथे मिटलेली दुहेरी गाडी मावतच नाही.

रस्ता आणि चाके

पेव्हर ब्लॉकच्या फटींत बारीक चाके अडकतात, म्हणून पुढची चाके मोठी असलेली बरी. हवेचे टायर खडबडीत रस्त्यावर सुखाचे असतात. त्यांचे पंक्चर सायकलच्या दुकानात काढून मिळते. पदपथाच्या तोंडाशी दुचाकी रोखण्यासाठी लोखंडी खांब असतील, तर त्यांतील अंतरही टेपने मोजून घ्यावे.

घेतल्यानंतरच्या तक्रारी

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम पुढच्या एका चाकाची खिटी लागून राहिली आहे का, हे पाहावे. मग दोन्ही बाजूंची हवा तपासावी. हे ठीक असेल, तर जड बाळ कोणत्या बाजूला आहे, ते पाहावे. एकामागे एक आसनांच्या गाडीत पायरीवर चढवताना पुढचा भाग उचलत नसेल, तर सूचनापत्रिकेची हरकत नसल्यास जड बाळ मागे ठेवावे. दांड्याला भाजीची पिशवी अडकवून पुढचे बाळ आधी काढले, तर अशी गाडी मागे उलटू शकते. म्हणून काढताना मागचे बाळ आधी आणि बसवताना पुढचे आधी, तेही ब्रेक लावूनच.

उन्हासाठी गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते, पण त्याने आतली हवा कोंडते आणि उष्णता झपाट्याने वाढते. छत पुढे ओढता येणारी गाडी हाच त्यावरचा उपाय. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला लांब काळा दोराही बाळाच्या हाताशी लोंबत ठेवू नये.

जुनी गाडी नातेवाइकांकडून मिळत असेल, तर बिजागऱ्या नीट पाहाव्यात. 2009 साली अमेरिकेत मॅकलॅरेन कंपनीने बिजागरीत मुलांची बोटे तुटण्याच्या घटनांनंतर सुमारे 10 लाख गाड्यांसाठी बिजागरीची आवरणे देऊ केली होती. गाडी उघडताना आणि मिटताना दोन्ही बाळे दूर असावीत, उघडल्यावर कुलपाचा ‘खट्’ आवाज येतो का ते ऐकावे, आणि पाचही पट्टे दोन्ही आसनांवर शाबूत आहेत का ते ओढून पाहावे. कोकणच्या पावसाळ्यात राहिलेली गाडी असेल, तर ब्रेकच्या सळईवर गंज चढलेला असू शकतो. गाडीत पाण्याचे भरलेले कॅन ठेवून उतारावर ब्रेक धरतो का, हे पाहिल्याखेरीज ती घेऊ नये.