ट्रंकेतील फोटो आणि पत्रांवरून आजोबांच्या युद्धसेवेचा माग

‘आजोबा बर्माला लढायला गेले होते’ एवढे एकच वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या सांगितले गेले. परळच्या खोलीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढल्यावर तीत अकरा फोटो, पत्रांचा एक गठ्ठा, मनिऑर्डरची काही कुपने आणि तीन पदके निघाली. हा ऐवज नीट वाचायला मला दोन वर्षे लागली आणि शेवटी कळले, की आजोबांनी बर्मा कधी पाहिलाच नव्हता. अशी ट्रंक ज्यांच्या घरी आहे त्यांचा वेळ वाचावा, म्हणून शोधाची ही पद्धत लिहीत आहे.

पहिले काम जपणुकीचे आहे आणि त्यात घाई झाली तर पुढचे सगळेच बिघडते. मुंबईच्या दमट हवेत जुन्या फोटोंना बुरशी धरते, म्हणून ट्रंक पावसाळ्यात न उघडता हिवाळ्यातील कोरड्या दिवशी उघडावी. काळ्या पानांच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेला फोटो कधीही ओढून काढू नये. तो पानासकट स्कॅन करावा. फोटो लॅमिनेट करण्याची आपल्याकडे फार हौस आहे, पण त्या उष्णतेने आणि गोंदाने मूळ प्रतीचे कायमचे नुकसान होते. प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी, निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करावा आणि पाठीमागे काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात फक्त क्रमांक लिहावा. कोणता कागद कोणत्या पाकिटात, कोणत्या फोटोच्या शेजारी सापडला, हेही त्याच दिवशी वहीत नोंदवावे. या नोंदीचा उपयोग मला पुढे किती झाला, ते ओघात येईलच.

फोटोची मागची बाजू आधी वाचावी. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, ‘चि. बाळास’ अशी एखादी ओळ किंवा पेन्सिलीने लिहिलेला आकडा चेहऱ्यापेक्षा जास्त सांगून जातो. शिक्का पुसट असेल तर खोली अंधारी करून टॉर्चचा उजेड कागदाला जवळजवळ समांतर पाडावा, म्हणजे दाबाने उमटलेली अक्षरे सावलीमुळे दिसू लागतात. त्यानंतर पुढची बाजू भिंगातून पाहावी. पदके किंवा त्यांच्या फिती डाव्या छातीवर लावतात. त्या उजवीकडे दिसत असतील तर फोटो उलटा छापला गेला आहे, असे समजावे. बाहीवरील फितींवरून हुद्दा ठरतो: एक फीत लान्स नाईकची, दोन नाईकच्या, तीन हवालदाराच्या. खांद्यावरील पितळी अक्षरांवरून रेजिमेंट किंवा खाते कळते, मात्र ती अक्षरे बहुधा अर्धीच दिसतात, म्हणून दिसली तेवढीच लिहावीत आणि उरलेली मनाने भरू नयेत.

सर्वांत बोलका असतो तो बाहीवरील डिव्हिजनचा बिल्ला. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, आठवीची तीन पिवळी चौपानी क्लोव्हर (एका छोट्या रोपाची पाने), सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर, तेविसावीचा कोंबडा अशी ही चिन्हे होती. आमच्या एका फोटोत बाहीवर पानांचे तीन झुबके होते. मी ते कित्येक महिने फुलांची नक्षी समजत होतो. ती आठवी डिव्हिजन होती आणि आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत इटलीत लढत होती. बर्माच्या कथेला पहिला तडा येथे गेला.

कपड्यांवरून मात्र जपून निष्कर्ष काढावा. खाकी हाफपँट दिसली की लोक ‘बर्मा’ म्हणतात, पण ती उत्तर आफ्रिकेत, इराकमध्ये आणि इटलीच्या उन्हाळ्यातही घातली जात असे. जाड लोकरी बॅटलड्रेस इटलीच्या हिवाळ्याकडे बोट दाखवतो, तर गडद हिरवा जंगली गणवेश बर्माच्या आघाडीकडे. कृष्णधवल फोटोतील पदकांच्या फितींच्या बाबतीत आणखी एक अडचण लक्षात ठेवावी: त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिकट उमटत असे. इटली स्टार या पदकाची लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल फीत हातात सहज ओळखू येते, फोटोत ती फसवते.

खरी पदके घरात असतील तर ती पॉलिश करू नयेत, भिंगाखाली धरावीत. भारतीय सैनिकांना मिळालेल्या पदकांवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्यांच्या मागच्या बाजूस. हा क्रमांक म्हणजे संपूर्ण शोधाची किल्ली होय, कारण एकाच रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे आणि आडनावाचे अनेक जण असत. पदकांचा अर्थही समजून घ्यावा. १९३९–४५ स्टार, आफ्रिका, इटली किंवा बर्मा स्टार हे त्या त्या आघाडीवरील सेवेसाठी होते. वॉर मेडल अठ्ठावीस दिवसांच्या सेवेवरही मिळत असे आणि इंडिया सर्व्हिस मेडल भारतातील तीन वर्षांच्या सेवेसाठी होते. केवळ शेवटची दोन पदके असतील तर आजोबा परदेशी लढले होते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आमच्या ट्रंकेतील तीन पदकांपैकी दोहोंवर एक क्रमांक होता आणि तिसऱ्यावर दुसराच. आडनाव तेच, पहिले नाव वेगळे. ती ट्रंक दोन माणसांची होती! आजोबांचे चुलत भाऊ त्यांच्याबरोबर भरती झाले होते आणि गिरणीत नोकरीला लागल्यावर आमच्याच खोलीत राहत होते, हे आजीच्या बोलण्यात पुढे आले. पाकिटांची नोंद पहिल्या दिवशी ठेवली होती म्हणूनच कोणते पत्र कोणाचे, ते वेगळे करता आले. एका ट्रंकेत सापडलेले कागद एकाच माणसाचे असतात, हे गृहीत धरणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक आहे.

आता पत्रांकडे वळू. युद्धकाळातील पत्रात ठिकाणाचे नाव लिहिण्यास मनाई होती, म्हणून मजकुरात गाव शोधत बसण्याऐवजी पाकिटावरचे शिक्के वाचावेत. फील्ड पोस्ट ऑफिसच्या गोल शिक्क्यात क्रमांक आणि तारीख असते. ते ऑफिस त्या तारखेला कोठे होते, याच्या याद्या टपाल-तिकिटांच्या अभ्यासकांनी तयार केल्या आहेत. सेन्सॉरचा शिक्का आणि क्रमांकही उतरवून घ्यावा. अगदी लहान, फोटोसारखे दिसणारे पत्र मिळाले तर ते एअरग्राफ असू शकते. मूळ पत्राची सूक्ष्म फिल्म विमानाने पाठवून ती पुढे कागदावर छापत असत. पाकिटावर ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ असा जर्मन शब्द किंवा ‘पी. जी.’ या अक्षरांपुढे छावणीचा क्रमांक असेल, तर आजोबा युद्धकैदी होते. काली पाचवी, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुक पडले तेव्हा कैद झाली होती. कैद्यांच्या नोंदींसाठी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे अर्ज करता येतो, पण ते वर्षातून ठरावीक काळातच आणि मर्यादित संख्येने अर्ज घेतात.

पलटणींची ही टोपणनावे पत्रांत अनेकदा येतात आणि सेन्सॉरच्या नजरेतून सुटतात. ‘आमची जंगी पलटण’ असे आजोबांनी एका पत्रात लिहिले होते. जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा. ती आठव्या डिव्हिजनमध्ये होती. बाहीवरील क्लोव्हर आणि पत्रातील दोन शब्द असे एकमेकांना साक्ष देत होते. १/५, ३/५ असे आकडे दिसले तर त्यांचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची पहिली किंवा तिसरी पलटण असा घ्यावा, त्याला तारीख किंवा अपूर्णांक समजू नये.

अनेक पत्रे मोडीत असतात, कारण ही लिपी शाळांतून साधारण १९५०च्या दशकापर्यंत शिकवली जात होती. ती वाचता येत नसेल तर ओळखीच्या जाणकाराची मदत घ्यावी किंवा स्वतः शिकावी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते. पुष्कळ पत्रे पलटणीतील शिकलेल्या सोबत्याने लिहून दिलेली असत, त्यामुळे अक्षर बदलले म्हणून माणूस बदलला असे ठरवू नये. ‘येथील क्षेम जाणून तेथील कुशल कळवावे’ हा मायना सोडून पुढे वाचावे आणि हवा, पीक, अन्न यांचा उल्लेख टिपावा. आजोबांच्या पत्रात ‘येथे द्राक्षाचे मळे आहेत व डोंगरावर कापसासारखे बर्फ पडते’ असे वाक्य आहे. ते वाचल्यावर मी ट्रंकेपुढे किती वेळ बसून होतो, ते सांगता येणार नाही. तारीख शकात असेल तर त्यात ७८ मिळवावेत. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या, जानेवारी लागल्यावर लिहिलेल्या पत्रासाठी ७९. तारीखच नसेल तर घरातील जन्म, बारसे, मृत्यू यांच्या उल्लेखांवरून ती बांधावी. मनिऑर्डरच्या कुपनावरचा शिक्काही येथे कामी येतो.

घरातील वृद्धांना ‘आजोबा कोठे लढले?’ असे विचारल्यास ऐकलेलीच गोष्ट पुन्हा ऐकायला मिळते. त्याऐवजी एक फोटो हातात द्यावा आणि गप्प बसावे. ‘हा मधला कोण?’ एवढेच विचारावे, फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि वहीत दोन रकाने ठेवावेत: कागद काय सांगतो आणि घरचे काय सांगतात.

क्रमांक, नाव आणि पलटण हाती आली, की दफ्तरांकडे जावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, १९४१ मध्ये उभारलेल्या महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागरला आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीला. रत्नागिरीकडचे पुष्कळ जण नौदलात होते. खलाशांच्या नोंदींसाठी मुंबईतच, मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे लिहावे. अर्जात सैनिकाचा क्रमांक, वडिलांचे नाव, गाव, भरतीचे आणि सुटकेचे अंदाजे वर्ष, तसेच नात्याचा पुरावा द्यावा. गाव लिहिताना त्या काळचा जिल्हा लिहावा, कारण १९८१ पूर्वी रायगडचे नाव कुलाबा होते आणि आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीत मोडत असे. नावाचे इंग्रजी स्पेलिंगही चार-पाच प्रकारे शोधावे, कारण भरतीच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे. राज्य शासन दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना अनुदान देत आले आहे, त्यामुळे आजीच्या नावाची फाइल तेथे असू शकते आणि तिला डिस्चार्ज बुकाची (सेवामुक्तीच्या पुस्तिकेची) प्रत जोडलेली असते. काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार मुंबई सरकारच्या कारभारासाठी अमोल आहे, परंतु एका शिपायाची सेवानोंद तेथे मिळेल या आशेने जाऊ नये.

सैनिक युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते. कबर नसलेल्यांची नावे स्मारकांवर आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, त्यांचे नाव कासिनो स्मारकावर आहे.

पलटण रोज काय करत होती, हे तिच्या वॉर डायरीत असते. या डायऱ्या लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत: मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९, इटलीच्या डब्ल्यूओ १७०, आग्नेय आशियाच्या डब्ल्यूओ १७२ या मालिकेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव क्वचितच सापडते, पण पत्रांच्या तारखा डायरीशेजारी मांडल्या की ती पत्रे कोठून लिहिली, ते उलगडते.

चुलत आजोबांच्या फोटोतील कोंबड्याचाही असाच उलगडा झाला. चौथी मराठा तेविसाव्या डिव्हिजनमध्ये होती आणि मार्च १९४४ मध्ये ती बर्मा आघाडीवर, मणिपूरच्या सांगशाकला लढली. घरात सांगितली जाणारी बर्माची गोष्ट त्यांची होती. त्यांचे फोटो, पदक आणि सात पत्रे मी स्कॅन केली, प्रत्येक पाकिटावर क्रमांक आणि सापडल्याची तारीख लिहिली आणि मूळ कागद गावी त्यांच्या नातवाच्या हाती दिले. स्कॅनची एक प्रत आमच्या ट्रंकेत आहे.