कॅथेड्रलमधील नाताळची उपासना: कुटुंबासह जाताना

नाताळच्या उपासनेसाठी मोठ्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, जायचे ठरले की बहुतेकांच्या मनात मध्यरात्रीचीच मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) येते. परंतु रोमन कॅथलिक परंपरेत या सणासाठी पूर्वसंध्या, मध्यरात्र, पहाट आणि दिवस अशा चार मिस्सा नेमलेल्या आहेत, आणि त्यांपैकी कोणतीही दुसरीपेक्षा उणी नाही. घरातील सर्वांत लहान मूल आणि सर्वांत वयस्क व्यक्ती ज्या वेळी स्वस्थ बसू शकतील, तीच वेळ निवडावी. पेंगुळलेल्या मुलाला सांभाळत काढलेली मध्यरात्र कोणाच्याच मनात उतरत नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, कॅथेड्रलमध्ये बायबलमधील नऊ वाचने आणि नाताळगीते असा क्रम असलेली उपासनाही होते. ही रचना १८८० मध्ये इंग्लंडमधील ट्रूरो येथे, कॅथेड्रलचे बांधकाम चालू असताना उभारलेल्या लाकडी इमारतीत प्रथम झाली. तीत वाचन आणि गायन आलटून पालटून येते आणि आदामाच्या पतनापासून येशूच्या जन्मापर्यंतची कथा क्रमाने उलगडते, त्यामुळे मुलांसाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते.

प्रवेशाचे नियम आधीच पाहून ठेवावेत. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलसारख्या ठिकाणी मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी प्रवेशपत्रे लागतात. जिथे ती नसतात, तिथे रांग लवकर लागते.

जागेचा विचार मात्र नीट करावा, कारण या इमारतींचे सौंदर्य ज्या दगडी खांबांत आणि उंच छतात आहे, तेच बसणाऱ्यांची अडचण करतात. जाड खांबामागे बसल्यास वेदी दिसत नाही, आणि छतावरून परतणारा आवाज एकमेकांत मिसळत असल्याने दूर बसलेल्यांना प्रवचनातील शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत. मधल्या मार्गाच्या कडेची बाके मिळाल्यास ती घ्यावीत आणि मुलांना मार्गाच्या बाजूला बसवावे. बिशप, सेवक आणि गायकवृंद यांची मिरवणूक तिथून हाताच्या अंतरावरून जाते. तान्हे मूल बरोबर असेल तर बाहेर पडण्याच्या दाराजवळची कडेची जागा बरी. ऑर्गनचा पहिला मोठा स्वर लहान मुलांना दचकवतो, तेव्हा त्याची कल्पना आधी द्यावी. धूप वापरला जात असल्यास दमा असलेल्यांनी वेदीपासून दूर बसावे.

उपासनेत सर्व जण उभे राहतील तेव्हा उभे राहावे. प्रकृतीमुळे ते जमत नसल्यास बसून राहण्यास कोणाची हरकत नसते. श्रद्धेची घोषणा करणाऱ्या प्रार्थनेत येशूच्या देहधारणेचे शब्द येताच कॅथलिक लोक एरवी मस्तक लववतात, पण नाताळला गुडघे टेकतात, हे माहीत असले म्हणजे गोंधळ होत नाही. कॅथलिक मिस्सेतील ख्रिस्तप्रसाद (पवित्र मानलेली भाकर व द्राक्षारस) सामान्यतः कॅथलिकांसाठीच असतो आणि घेणाऱ्यांनी आधी किमान एक तास उपवास पाळायचा असतो. कुटुंबात अन्य धर्माचे सदस्य असतील तर त्यांनी जागेवर बसावे. अनेक ठिकाणी छातीवर हातांची घडी घालून पुढे गेल्यास केवळ आशीर्वाद मिळतो. या गोष्टी घरीच मोकळेपणाने बोलून घ्याव्यात, म्हणजे रांग पुढे सरकत असताना कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही.

गव्हाणीचे, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याचे, दर्शन शेवटी घ्यावे. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे जिवंत प्राण्यांसह गोठ्याचा देखावा मांडला, आणि त्या प्रथेला तेथून मोठा प्रसार मिळाला. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडील ज्ञानी पुरुष तिथे कुठे आहेत, असे मुले हमखास विचारतात. त्यांच्या मूर्ती काही ठिकाणी ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणालाच गव्हाणीपाशी आणल्या जातात, हे त्यांना सांगता येईल. समारोपानंतर ऑर्गनवादन चालू असताना लगेच न उठता ते पूर्ण ऐकावे. तेवढ्या वेळात दारांपाशी झालेली दाटीही ओसरते. तरीही बाहेर चुकामूक होऊ नये म्हणून भेटण्याची एक ठळक जागा आत शिरण्यापूर्वीच सर्वांना दाखवून ठेवावी.