नवीन मॉनिटर घ्यायचाय? आपली फाईल पेनड्राईव्हमध्ये घालून दुकानात जावा

लग्नसराई आली की आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायच्या) गाळ्यात रात्री अकरा-अकरापर्यंत पत्रिका चालू असतात, आणि ह्या पंधरा दिवसांत तिघांनी तरी विचारलं की दादा मॉनिटर कुठला घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

"सत्तावीस इंची घ्या, मोठा दिसतोय" ह्या बोलण्यावर जाऊ नका. मी गेलो होतो. दुकानात त्यावर रंगीत माशांचा व्हिडिओ चालू होता, कलर लई भारी दिसले, उचलून आणला. २७ इंची पण फुल एचडी. गाळ्यावर लावला आणि बारीक टाईपात वेलांटीवरचा अनुस्वार वेलांटीलाच चिकटायला लागला, आहे का नाही तेच कळेना. एका पत्रिकेत 'शिंदे'चं 'शिदे' झालं, दोनदा प्रूफ वाचूनसुद्धा. पाचशे पत्रिका परत छापून दिल्या, पण मुलीचे वडील काही न बोलता ती पत्रिका हातात धरून उभे होते ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

कारण साधं आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, म्हणजे स्क्रीनचे बारीक ठिपके, स्क्रीन २४ इंची असू दे नाहीतर २७, पिक्सेल तेवढेच. २४ इंचीत एका इंचात साधारण ९२ बसतात, २७ इंचीत तेच ८२ वर येतात. इंग्रजीचं त्यात भागतं, पण आपल्या 'मार्गी', 'शिंदे' अशा शब्दांत रफार, वेलांटी, अनुस्वार सगळं शिरोरेषेच्या वर एवढ्याशा जागेत बसवायचं असतंय. २७च पाहिजे असेल तर २५६० बाय १४४० वाला घ्या, दुकानात त्याला टूके म्हणतात, त्यात इंचाला १०९ पिक्सेल येतात. त्याला पैसे जास्त पडतात, तेवढं बजेट नसेल तर सरळ २४ इंची फुल एचडी, त्यात काही कमीपणा नाही.

राजारामपुरीत दुकानं फिरायच्या आधी रोजच्या कामाची फाईल पेनड्राईव्हमध्ये घ्या, टॅलीचं काम असेल तर लेजरची पीडीएफ, आमच्यासारखं असेल तर पत्रिका. दुकानदाराला डेमो बंद करून ती फाईल लावायला सांगा, झूम १०० टक्के ठेवा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा कारण तिथं तो फुल्ल असतोय, आणि हातभर लांब बसून वाचा. मग मान डावी-उजवीकडं करून बघा. पॅनल म्हणजे आतला पडदा, त्याचे आयपीएस, टीएन, व्हीए असे प्रकार असतात. आयपीएस पॅनल असेल तर बाजूनं रंग फारसे बदलत नाहीत, स्वस्तातल्या टीएनमध्ये लगेच फिके पडतात. व्हीए पॅनलचा काळा रंग आयपीएसपेक्षा गडद असतोय, पिक्चर बघायला चांगला, पण कलरच्या कामाला आयपीएसच.

हर्ट्झचं, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्याचं, लई टेन्शन घेऊ नका. ऑफिसच्या कामाला ६० पण चालतंय, ७५ किंवा १०० मिळालं तर स्क्रोल करताना बरं वाटतं, १४४ च्या पुढचं गेम खेळणाऱ्या पोरांसाठी.

केबल मात्र विसरू नका. जुन्या सीपीयूला नुसतं व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं केबलचं तोंड, असेल तर अक्षरं थोडी पसरट दिसू शकतात, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच लावा, आणि टूके घेणार असाल तर आपल्या सीपीयूमधनं २५६० बाय १४४० निघतंय का हे आधी बघा. स्टँड वर-खाली होतोय का तेही बघा, स्वस्त मॉडेलमध्ये नुसता पुढं-मागं कलतो आणि मग मानेचं दुखणं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत नाहीतर जरा खाली पाहिजे. नसेल होत तर मागं वेसाची (स्टँड बसवायच्या ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत का बघा, नंतर आर्म, म्हणजे स्क्रीन धरणारा हलता दांडा, लावता येतो.

पैसे द्यायच्या आधी खोका तिथंच फोडून घ्या. पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण स्क्रीन लावून एखादा ठिपका वेगळा दिसतोय का बघा, कारण नंतर एक-दोन डेड पिक्सेल निघाले तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. सर्व्हिसला माणूस घरी येणार का आपण घेऊन जायचं तेही विचारा, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. खोका आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू दे, सर्व्हिसला पाठवायची वेळ आली तर त्यातनंच न्यायला लागतंय.