दूध मानवत नाही? मऊ चीज निवडताना या चुका टाळा

गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देणारं हे कोल्हापूर. इथं ‘मला दूध मानवत नाही’ म्हणणारा माणूस घरच्यांना नाटकीच वाटतो. त्यामुळं आहारतज्ज्ञांनी ‘लॅक्टोज कमी करा’ सांगितलं की कुणी दुधाचं सगळंच बंद करतं, तर कुणी म्हणतं, ‘दूधच नको ना? मग पेढा चालतोय की!’ पेढा खव्याचा, आणि 100 ग्रॅम खव्यात लॅक्टोज 20 ग्रॅमच्या पुढं जातं. दुधात ते जेमतेम पाच. मऊ चीजबद्दलही असाच उलटासुलटा हिशेब चालतो.

मऊ दिसलं की नाकारणं

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती पाण्यात विरघळते, म्हणून दूध फाटलं की तिचा बराचसा भाग पाण्याबरोबर निघून जातो. उरलेली साखर जिवाणू संपवतात, पण त्यांना तेवढा वेळ मिळाला तर. तेव्हा चीज हाताला मऊ लागतंय का हे बघण्यात अर्थ नाही. पाणी किती निथळलंय आणि चीज मुरलंय का, ते बघा. ब्री आणि कॅमेम्बेर बोटानं दाबली जातील इतकी मऊ असतात, पण मुरवलेली असल्यानं 100 ग्रॅममध्ये लॅक्टोज अर्धा ग्रॅमही नसतं. (वास मात्र असा, की आजीनं खराब झालं म्हणून टाकून दिलं तर तिला दोष देऊ नका.) फेटातही कमीच. उलट रिकोटा, कॉटेज चीज, क्रीम चीज ही ताजी, न मुरवलेली. त्यांत साधारण तीन ग्रॅमच्या आसपास सापडतं. चमचाभर चालून जाईल, वाटीभर नाही.

गरोदर बाईनं मात्र लॅक्टोज कमी म्हणून ब्री-कॅमेम्बेरकडं वळू नये. लिस्टेरिया नावाच्या जिवाणूच्या संसर्गाचा धोका असतो. आणि दुधाची ॲलर्जी असेल तर हा लेखच तुमच्यासाठी नाही. ॲलर्जी प्रथिनांची असते, ती चीजमध्ये भरपूर असतात.

पनीर नीट न निथळणं

आपल्याकडं मऊ चीज म्हणजे शेवटी पनीरच. चांगल्या पनीरमध्ये 100 ग्रॅमला दोन ते तीन ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे ग्लासभर दुधाच्या पाव हिश्शाएवढं. पण घरी घाई होते. लिंबू पिळलं, दूध फाटलं, गाळलं, की ओलाच गोळा भुर्जीत! त्या ओलाव्यातच साखर असते. दूध पूर्ण फाटून पाणी हिरवट-पिवळं, नितळ दिसू द्या. ते अजून दुधाळ असेल तर लिंबाचे आणखी चार थेंब टाका. मग फडक्यातला गोळा गार पाण्याखाली धुवा. लिंबाचा आंबटपणाही जातो आणि उरलंसुरलं पाणीही. पिळून वर जड काहीतरी ठेवून तासभर दाबा. फाटलेल्या दुधाचं ते पाणी कणकेत घालायची सवय बऱ्याच घरांत आहे. तुमच्या चपातीच्या कणकेत नको, लॅक्टोज बरंचसं तिथंच गेलंय.

पुढचं नाव वाचून पाकीट उचलणं

चीज स्प्रेड, स्लाइस, क्यूब यांत बऱ्याचदा मिल्क सॉलिड्स किंवा व्हे पावडर (फाटलेल्या दुधाचं पाणी वाळवून केलेली) मिसळलेली असते. दुधाच्या पावडरीत जवळपास निम्मं लॅक्टोज असतं, व्हे पावडरीत त्याहून जास्त. म्हणून पाकीट उलटं करा. साध्या चीजवर ‘ॲडेड शुगर’ शून्य असेल, तर ‘टोटल शुगर’चा आकडा म्हणजेच जवळपास लॅक्टोज. 100 ग्रॅमला एकच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. चार-पाच दिसले तर ठेवा परत. ‘ॲनालॉग’ लिहिलेलं पनीर वनस्पती तेलाचं असलं तरी त्यात दुधाची पावडर असू शकते.

पोट बिघडलं की पनीरला दोष देणं

ही चूक आपल्या भागात सर्रास होते. हॉटेलात पनीर कोल्हापुरी खाल्लं, रात्री पोट फुगलं, खापर पनीरवर. लॅक्टोजबरोबर कांदा-लसूणही बंद असलेला लो-फॉडमॅप आहार, जो ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झाला, तुम्ही पाळत असाल तर पहिला संशय कांदा-लसूण मसाल्यावर घ्या. त्यातली फ्रुक्टान्स नावाची कर्बोदकंही पोटात आंबून वायू करतात. पनीर मखनी असेल तर संशय ग्रेव्हीतल्या खव्यावर, साईवर आणि काजूवर. पांढरा रस्सा दिसायला दुधाळ असला तरी तो पांढरेपणा मुख्यतः नारळाच्या दुधाचा असतो. तिथंही लसूण आहेच. घरी फोडणीची चव हवी तर लसूण तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टान्स तेलात विरघळत नाहीत, वास मात्र उतरतो.

खरा गुन्हेगार शोधायचा तर एखाद्या दिवशी फक्त मिठातलं 50 ग्रॅम धुतलेलं पनीर साध्या भाताबरोबर खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दुसरं दुधाचं काही घेऊ नका. काही झालं नाही तर पनीर चालतंय, पुढच्या वेळी 100 ग्रॅम घ्या. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही, पण तुमचा आकडा तुमच्या पोटालाच विचारावा लागेल. लो-फॉडमॅप आहारातला कडक पथ्याचा टप्पा साधारण दोन ते सहा आठवड्यांचा असतो. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणायचा, तोही आहारतज्ज्ञांना विचारूनच.